दूधभाऊ

गुलदरा, खालचं कुर्रम
३ फेब्रुवारी २००८

मासूमा आपा,

थकवा तुला न शिवो.

हे पत्र आठवड्याच्या आत तुझ्या हाती पडलं तर समज, जग सुधारलं. मागचं पत्र पेशावर, तोरखम, काबूल, गर्देझ असं दोन देशांची धूळ खात तुझ्याकडे आलं, आणि इकडे मी गच्चीवर धुणं वाळत घालताना तुमच्या स्पीनकमरच्या मागचा बर्फ रोज बघते. आता तह झालाय म्हणून मीठवाल्या म्हाताऱ्याच्या हाती थेट देतेय. त्याला तुमचेही अडवत नाहीत आणि आमचेही. मीठ दोन्हीकडे लागतं.

मुद्द्याचं लिहिते. अदेच्या साखरेचं औषध संपत आलंय असं तू कळवलं होतंस. इबरारला पेशावरला जाऊन ते आणायचं असेल तर हीच वेळ आहे. तोरसम म्हणतात (नवऱ्याचं नाव लिहितेय, अदेला सांगू नकोस, कागदाला कान नसतात), इबरारने तुमच्या लोकांबरोबर पुलापर्यंत यावं. पुलापासून पेशावरपर्यंत आणि परत पुलापर्यंत तो त्यांच्या बदरग्यात. म्हणजे त्याला हात लावायचा तर आधी तोरसमच्या अंगावरून जावं लागेल. हे त्यांनी नुसतं चुलीपाशी बोलून दाखवलेलं नाही, हुजऱ्यात, पुरुषांच्या बैठकीत, गावच्या वडीलधाऱ्यांसमोर सांगितलंय.

तू म्हणशील, शिया माणसाला कोण कशाला पोचवतंय. आपा, गेल्या वर्षी तुमच्यांनी आमच्या लोकांना वरच्या बाजारातून हाकललं, आमच्यांनी तुम्हाला खालच्या सद्दा गावातून. आपल्या दोन घरांची भिंत एकच होती, तीही जळाली. पण आपण बंगश ते बंगशच. पणजोबा एक. नमाजाला तुम्ही हात सोडता, आम्ही बांधतो, एवढ्यावरून अदेचं दूध काही माझ्या अंगातून निघून जाणार नाही. माझी आई मला जन्म देऊन गेली, तेव्हा एका बाजूला तुझा भाऊ इबरार आणि एका बाजूला मी, असं तुझ्या आईने, अदेने पाजलं. तोरसमना मी नेहमी सांगते, तुम्हाला एकुलता एक मेहुणा, तोही शिया निघाला, आता तुमच्या नशिबाला काय करणार.

लवकर कळव. अदेच्या पायांना माझा सलाम.

तुझी झरघूना

*

स्पीनकमर
१२ फेब्रुवारी २००८

झरघूना,

मीठवाला पोचला. तुझ्या पत्राला मिठाचा वास येतोय.

इबरार परवा निघेल. माझ्या घरात यावरून दोन दिवस वाद चाललाय. आमचे हे म्हणतात, तह म्हणजे ओली भिंत, तिला टेकायचं नसतं. पण काय करायचं? डॉक्टर शरद ऋतूतच गाव सोडून गेला. आता दवाखाना म्हणजे एकटा इबरार. तो कंपाउंडर, पण लोक त्यालाच डॉक्टर म्हणतात. इन्सुलिन संपत आलंय म्हणून तो सगळ्यांना अर्धी अर्धी सुई देतो. अदेच्या पायाचं बोट काळं पडलंय. ती कुणाला दाखवत नाही, मोजा घालून बसते.

मला भीती वेगळीच आहे. मोहरम नुकताच झालाय. मातम करताना साखळ्यांनी इबरारची पाठ फाटली, ते व्रण अजून ओले आहेत. वाटेत कुणी सदरा वर करायला लावला, तर तोंडातून शब्द न काढताही कळेल हा कोण. मी तसं म्हटलं, तर हसला. म्हणाला, "तोरसम लाला शेजारी बसलेला असताना माझा सदरा वर करणारा अजून जन्मायचाय." मग म्हणाला, मेहुण्याच्या गाडीतून फुकटात जायला मिळतंय तर जातो, फक्त त्याची ती रडकी गाणी वाटेत बंद ठेवायला सांग.

शेवटचा शब्द अदेचा पडला. ती म्हणाली, "झरघूना माझं दूध प्यालीय. तिच्या घरचा शब्द तो माझ्याच घरचा शब्द." 

मुलांसाठी वाळवलेली तुती पाठवतेय. तू एकटीच खाऊन टाकू नकोस.

मासूमा

*

गुलदरा
२८ फेब्रुवारी २००८

मासूमा आपा,

हे पत्र कुठल्या तोंडाने लिहू कळत नाही. तुला बातमी आधीच लागली असेल. इबरारला नेलं.

पेशावरचं काम नीट झालं होतं. बर्फाच्या डब्यात औषध भरून दोघे परत येत होते. गुलदऱ्याच्या अलीकडचं शेवटचं वळण तुला आठवतं ना, जिथे नदी अगदी रस्त्याला लागते? तिथे तोंड बांधलेल्या माणसांनी गाडी अडवली. इबरारचं ओळखपत्र बघितलं. नावात हुसैन. सदरा वर केला.

आपा, एक गोष्ट मी तुला छाती वर करून सांगू शकते. तोरसम त्याच्यापुढे उभे राहिले. म्हणाले, हा माझा मेहुणा आहे, माझ्या बदरग्यात आहे, आधी मला मारा. त्या लोकांनी बंदुकीचा दस्ता त्यांच्या कपाळावर घातला. घरी आले तेव्हा रक्त डोळ्यात उतरलं होतं. औषधाचा डबा त्या लोकांनी रस्त्यावर आपटून फोडला म्हणे. मी जखम धुतली. सगळं मला एकेक शब्द खेचून काढावं लागलं.

तेव्हापासून गावात त्यांचंच नाव आहे. खरं सांगायचं तर सगळीकडे सांगितलं मीच. मी शिकवते ती शाळा बंद असली तरी मुलींच्या आया घरी येतात, त्यांना सांगितलं, विहिरीवर सांगितलं. म्हटलं, आपल्यातही माणसं आहेत हे लोकांना कळू दे. कितीतरी बायका रडल्या.

वडीलधारी माणसं त्या लोकांशी बोलणी करताहेत. तुमच्याकडेही आमची काही माणसं अडकली आहेत, अदलाबदल होईल असं म्हणतात. इबरार जिवंत आहे एवढं नक्की कळलंय. अदेला जपून सांग. तह मोडला, मीठवाल्याचं येणंजाणंही थांबेलसं दिसतंय, म्हणून हे पुन्हा काबूलच्या वाटेने येईल.

तुझी झरघूना

*

गुलदरा
२२ एप्रिल २००८

आपा,

दोन पत्रं पाठवली, तुझी एक ओळ नाही.

इबरार सुटून घरी पोचल्याचं मला कुणाकडून कळावं? बाजारातल्या मासेवाल्याकडून. मी तिथेच भर बाजारात बुरख्याआड रडले. धावत घरी येऊन तोरसमना सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून निजले होते, तसेच राहिले. मला वाटलं आनंद सोसवत नसेल.

आता थोडं कडू लिहिते, रागावलीस तरी चालेल. माझ्या माणसाने तुमच्यासाठी कपाळ फोडून घेतलं. आमच्यातलेच काही त्यांना तोंडावर "शियांचा जावई" म्हणतात, ते ऐकून घेतात. गाडी बाहेर काढत नाहीत, नीट जेवत नाहीत. अशा वेळी वरून कुणी दोन शब्द लिहिले असते, "तोरसम लाला, जगा," तर तुमचं काय गेलं असतं? तू लिहायला आळशी, ते मला माहीत आहे. पण इबरारलाही दोन ओळी लिहिता येऊ नयेत? की आता आम्ही सगळेच तुम्हाला त्या तोंड बांधलेल्यांसारखे दिसतो?

अदे कशी आहे, एवढं तरी कळव.

झरघूना

*

स्पीनकमर
३० मे २००८

झरघूना,

तुझी पत्रं मिळाली. सगळी.

इबरार घरी आहे. तळपाय फार मारलेत, कुबडी घेऊन चालतो. दवाखाना पुन्हा उघडलाय. तोंडाने फारसं बोलत नाही, पण हात पूर्वीसारखेच चालतात.

तोरसम यांच्याबद्दल इबरार म्हणाला, त्यांच्याकडून जेवढं झालं तेवढं त्यांनी केलं. मी त्याचे शब्द तुला कळवले.

अदे आता तुतीखाली असते. तिला आता सुया लागत नाहीत.

यंदा सफरचंदाला फूल कमी आलं. बरंच काम पडलंय. पत्राला उशीर झाला तर मनात काही आणू नकोस.

मासूमा

*

गुलदरा
९ जुलै २००८

मासूमा आपा,

तुझं पत्र एखाद्या तलाठ्याने लिहावं तसं कोरडं होतं, तरी मी दहादा वाचलं. अदेला सुया लागत नाहीत, हे वाचून मी आभाराची नमाज पढले. तुतीच्या सावलीत खाट टाकून पडलेली ती माझ्या डोळ्यांसमोर येते. तुती पिकून अंगावर पडत असतील आणि ती पोरांना शिव्या देत असेल. तिला म्हणावं, झरघूना येणार आहे, रस्ता उघडला की पहिल्या गाडीने.

आणि आपा, रस्ता उघडेलही! पुढच्या महिन्यात थलला दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचा मोठा जिरगा बसतोय. आमच्या गावप्रमुख मलिकांनी ठरवलंय की त्यात तोरसमना मानाची पगडी बांधायची. म्हणजे तुमच्या लोकांनाही दिसेल की खाली अजून शब्द पाळणारी माणसं आहेत, आणि बोलणी सोपी होतील. इबरारला मुद्दाम बोलावणं धाडलंय. त्याने फक्त उभं राहून चार शब्द सांगायचे.

तोरसम नको नको म्हणतात. दोनदा मलिकांकडे जाऊन नाही सांगून आले. मलिक म्हणाले, हा नम्रपणा आहे. मलाही तेच वाटतं. मी पगडीचं कापड स्वतः निवडलं. पांढरं, काठाला बारीक निळी रेघ.

तू खूश आहेस ना? एकदा तसं लिही तरी.

झरघूना

*

स्पीनकमर
२ ऑगस्ट २००८

झरघूना,

ती पगडी बांधू देऊ नकोस.

का, ते विचारू नकोस. आजारी पडायला सांग त्यांना, कुठे लग्नाला पाठव, काहीही कर. मी इबरारला जाऊ नको म्हणून पाया पडले, तो ऐकत नाही. म्हणतो, मी गेलो नाही तर लोक उलटसुलट विचारतील.

हे पत्र वेळेत पोचावं एवढंच मागते. काबूलची वाट आज मला पहिल्यांदाच लांब वाटतेय.

मासूमा

*

गुलदरा
११ सप्टेंबर २००८

मासूमा आपा,

तुझं पत्र जिरगा उठल्यावर दहा दिवसांनी आलं. तोवर मला सगळं कळलं होतं. बरेच दिवस कागद पुढे घेऊन बसत होते आणि तसाच गुंडाळून ठेवत होते. आज लिहितेच. मला तोरसमने सांगितलं तसंच लिहिते, माझ्या पदरचं काही नाही.

जिरग्यात तुमच्या बाजूने इबरार कुबडीवर उभा राहिला. आमच्या मलिकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ह्या माणसाने तुझा बदरगा पाळला का?" इबरार म्हणाला, "मी तुमच्यासमोर जिवंत उभा आहे." लोकांनी ते हो असंच धरलं. पगडी बांधली. मग दोघांना गळाभेट घ्यायला लावली, आणि त्या वेळी इबरार त्याच्या कानात म्हणाला, "अदे मार्चमध्येच गेली. झरघूनाला तू सांग, मासूमाच्याने होत नाहीये."

तो पगडी घालून घरी आला. माझ्याकडे बायका जमल्या होत्या. मी हलवा केला होता, आपा. आलेल्या प्रत्येकीला मी स्वतःच्या हाताने हलवा दिला. त्या गेल्यावर तो उंबऱ्यातच बसला आणि म्हणाला, "दार लावून घे."

वळणावर त्या लोकांनी विचारलं होतं, हा कोण? तोरसम म्हणाला, "प्रवासी. थलला हात दाखवला, घेतला गाडीत." ओळखतोस का? "नाही." मग त्यांनी इबरारला विचारलं, तू ओळखतोस ह्याला? इबरारने एकदा ह्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "भाडं देऊन बसलोय." बस. त्याला खाली उतरवलं आणि ह्याला म्हणाले, तू जा. आणि हा निघाला. कुणी दस्ता मारला नाही. थोडं पुढे येऊन त्याने गाडी थांबवली आणि दाराच्या कडेवर स्वतःच कपाळ आपटलं.

वळणावरचं तुला इबरारकडून कळलेलं आहे. पुढचं मात्र त्यालाही माहीत नाही. मी लिहिलं नाही तर कधीच कुणाला कळणार नाही. दोन दिवस माझ्या मनात हेच चाललं होतं की नको लिहू. पण अदेचं दूध प्यालेय मी.

औषधाचा डबा कुणी फोडला नव्हता. तो सीटखाली तसाच होता. त्या लोकांनी पाहिलासुद्धा नाही. बर्फ शाबूत होता. मीठवाला तेव्हा दोन दिवसांनी शेवटचा वर गेला, आमच्या दारावरूनच गेला. त्याच्या हाती डबा देता आला असता. पण डबा दिला असता तर लोकांनी विचारलं असतं, माणूस नेला आणि डबा कसा सोडला? खोटं उघडं पडलं असतं. म्हणून तोरसमने तो नदीत टाकला.

 घरभर हलव्याचा वास होता.

गेल्या सहा महिन्यांत मी तुला काय काय लिहिलं ते सगळं मला पाठ आहे. छाती वर करून सांगते, असं लिहिलं होतं. तू दोन शब्द लिहिले नाहीस म्हणून टोमणे मारले. आणि अदे तुतीखाली असते असं तू लिहिलंस, ती जमिनीखाली आहे हे मला कळू नये? खाट टाकून पडली असेल म्हणे! ते पत्र तू कसं वाचलं असशील. ती सगळी पत्रं जाळ, आपा. माझ्या हाताने लिहिलेली आहेत, मला ती जगात नको आहेत.

एकच विचारते, मग लिहिणार नाही. अदेने जाताना मला दूध माफ केलं का, पाजल्याचं ऋण सोडलं का?

झरघूना

*

स्पीनकमर
४ नोव्हेंबर २००८

झरघूना,

पत्र मिळून महिना होत आला. रोज उद्यावर ढकलत होते.

पत्रं मी जाळलेली नाहीत. जाळणारही नाही. तू तेव्हा जे लिहिलंस ते तुला खरं वाटत होतं म्हणून लिहिलंस. लाज तुझी नव्हे. निदान सगळी तुझी नव्हे.

अदे गेल्याचं मी लपवलं, कारण तू विचारलं असतंस कशाने गेली. औषधाने नाही, औषध नसल्याने, असं लिहावं लागलं असतं, आणि मग सगळंच. इबरारने मला शपथ घातली होती. तो म्हणाला, "सात बंदुका होत्या. तो बोलला असता तर दोन मढी पडली असती. त्याच्या जागी मी काय केलं असतं मला माहीत नाही." वळणावरचं त्याने माफ केलं होतं. मनापासून केलं होतं, तोंडदेखलं नाही. मला ते जमत नव्हतं, म्हणून माझं पत्र तुला कोरडं लागलं.

डब्याचं मी त्याला सांगितलं. सांगायला नको होतं का, ते कळत नाही. तो ऐकून उठला, दवाखान्याचं कुलूप काढून आत जाऊन बसला. त्या महिन्यात अदे एकटीच गेली नाही. सुतार नबीची बायको गेली, आणि मदरशाजवळची ती आंधळी म्हातारी. त्या तिघींना तो अर्ध्या सुया देत होता आणि रोज वाटेकडे डोळे लावून बसायला सांगून गेला होता. जेवायला हाक मारली तेव्हा बाहेर आला आणि एवढंच म्हणाला, "माझ्यावरून त्याने हात काढला ते मी समजू शकतो. त्यांच्यावरून का काढला?"  

आता दुधाचं. तुला बरं वाटावं म्हणून मी हो लिहू शकले असते. पण आपल्यात आता खोटं पुरे झालं. अदेने माफ केलं नाही, कारण माफ करण्यासारखं काही घडलंय हेच तिला माहीत नव्हतं. आम्ही तिला सांगितलं होतं, इबरार बर्फामुळे खाली अडकलाय. शुद्धीवर होती तेव्हा तिचं शेवटचं बोलणं तेच. म्हणाली, "झरघूनाकडे असेल ना? मग जेवला असेल." 

मी तोरसमला माफ केलेलं नाही. करेन असं वाटतही नाही. पण तू लिहीत राहा. तुझं पत्र आलं नाही की मी गच्चीवर जाऊन खाली बघते, तशी मला सवय लागलीय.

मासूमा

*

गुलदरा
१९ मार्च २००९

आपा,

हिवाळाभर लिहिलं नाही. "मग जेवला असेल" हे वाचल्यापासून मला घास उतरायला वेळ लागतो.

इकडे काय झालं ते कळवते. तोरसम एका शुक्रवारी नमाजानंतर हुजऱ्यात गेला आणि पगडी मलिकांच्या पुढ्यात ठेवली. वळणावरचं सांगितलं, डब्याचंही सांगितलं. मी त्याला पाठवलं नव्हतं, मला कल्पनाही नव्हती. त्याचा थोरला भाऊ घरी येऊन माझ्यावर ओरडला. तोरसमने बदरगा मोडला ह्याचा त्याला राग नाही. त्याने ते बोलून दाखवलं ह्याचा राग. म्हणे, तोंड काळं झालं होतं तर घरात धुवायचं, गावाच्या पाण्यात कशाला? आता तोरसमच्या गाडीत कुणी बसत नाही. काही जण, तो शब्द मोडणारा म्हणून. काही जण, तो शियासाठी रडणारा म्हणून. दोघांचीही पाठ सारखीच दिसते.

विहिरीवर मी गेले की बायका बोलायच्या थांबतात. मला राग येत नाही. मी त्यांना एवढं ऐकवलंय की आता त्यांनी गप्प राहिलेलं बरं.

आपा, आम्ही येतोय. अदेच्या कबरीवर. रस्ता उघडायची वाट बघत बसले तर म्हातारी होईन, म्हणून तोरखम, काबूल, गर्देझ अशीच वाट धरतो. पत्रं जातात तिथून माणसंही जातील. तोरसम म्हणतो, तो गावाबाहेर थांबेल, मी एकटीने आत जावं. तुमच्या भागात त्याच्या जिवाला काय होईल हेही त्याने मला विचारू दिलं नाही.

तू नको म्हणालीस तर गर्देझहून परत फिरू. तिथल्या सरायवाल्याकडे निरोप ठेव.

झरघूना

*

स्पीनकमर
१४ जून २००९

झरघूना,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. इकडून खाली जायला दोन देश ओलांडून जावं लागतं, आणि परवा संध्याकाळी तुझ्या गच्चीवर मला काहीतरी पांढरं वाळत घातलेलं दिसलं असं वाटलं. एवढ्या लांबून दिसत नाही म्हणतात. मला वाटलं खरं.

तू इथे होतीस तेव्हा आपण दोघी बोललो, रडलो, अदेच्या कबरीवर पाणी शिंपडलं. ते सगळं झालं. जे झालं नाही त्याबद्दल लिहायला बसलेय.

इबरार सरहद्दीवर तुम्हाला घ्यायला गेला, ते मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याने मला विचारलंही नाही. कुबडीवर लंगडत तो तोरसमच्या शेजारून गावात आला, तेव्हा दारादारात लोक उभे होते.  इबरारने त्याला वेशीवर थांबू दिलं नाही, थेट आपल्या अंगणात आणलं. दवाखान्यात नेलं, त्या तिघींची नावं सांगितली, एवढं मला माहीत आहे. तिथे दोघांत काय बोलणं झालं ते त्याने मला सांगितलेलं नाही.

तोरसम दोन दिवस माझ्या अंगणात खाटेच्या कडेवर बसून होता. पूर्ण खाटेवर बसलाच नाही. मी त्याच्या समोरून दहादा गेले. चहा मी केला, पण नेऊन दिला नाही. इबरारच्या बायकोच्या हाती पाठवला. भाकरी पोरीच्या हाती पाठवली. तो आल्यावर मी ये म्हटलं नाही, निघताना थांब म्हटलं नाही. तुला वाटलं असेल कामात आहे. मी कामात नव्हते. मला त्याला दाखवायचं होतं.

तुम्ही गेल्यावर मी ती खाट उचलायला गेले. कडेची दोरी तेवढी दबली होती. बाकी खाट कुणी बसलंच नसावं अशी. झरघूना, माझ्या बापाच्या अंगणात शत्रू आला तरी घरच्या बाईने त्याच्या पुढ्यात स्वतःच्या हाताने पाणी ठेवलेलं आहे. ज्याने आपल्या माणसाला मारलं त्यालासुद्धा ठेवलेलं आहे. अदेने तर कितीदा. आणि हा माणूस एवढ्या लांबून, जीव मुठीत घेऊन, मान खाली घालून आला, आणि मी त्याला परक्या हाताचा चहा पाजला. अदे असती तर चुलीतलं लाकूड घेऊन माझ्यामागे लागली असती. तुझ्या नवऱ्याची लाज मी वर्षभर मनात तोलत बसले होते. आता माझी स्वतःचीच मला उचलत नाही.

हे त्याला वाचून दाखव. मी माफ केलेलं नाही, तेही वाच. दोन्ही खरं आहे, एकाने दुसरं खोडलं जात नाही.

पुन्हा या. काबूलवरून या, नाहीतर रस्ता उघडला तर रस्त्याने या. त्या वेळी चहा मी घेऊन येईन. माफ केलं म्हणून नव्हे. तो माझ्या दारी आलेला माणूस आहे म्हणून.

मासूमा